सूर्यकिरणांचें माप घेणारी विदुषी : अ‍ॅना मणी

विद्यार्थी मित्रहो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील वैशाखाचें ऊन आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? परंतु तें मोजावें कसें, हा प्रश्न थोड्यांच्याच मनांत येतो. भारतांत या मोजमापाचा शास्त्रशुद्ध पाया ज्यांनीं घातला, त्या अ‍ॅना मणी यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील पीरमेड येथें झाला. आठव्या वाढदिवशीं घरच्या रिवाजाप्रमाणें हिऱ्यांच्या कुड्या देऊं केल्या असतां, त्या नाकारून या मुलीनें ब्रिटानिका ज्ञानकोश मागून घेतला. पुढें १९४० सालीं बंगलोर येथें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखालीं त्या प्रकाशशास्त्राच्या संशोधनास लागल्या, तेव्हां तेच हिरे पुन्हां त्यांच्यापुढें आले. आतां मात्र अभ्यासाचा विषय म्हणून! हिऱ्यांतून निघणारा मंद प्रकाश टिपण्यास छायाचित्राची काच पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. यास्तव कित्येक रात्री त्यांनीं प्रयोगशाळेंतच काढल्या. १९४५ मध्यें प्रबंध सादर झाला, तथापि एम्. एस्सी. नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठानें त्यांस डॉक्टरेट दिली नाहीं.

पदवी हुकली तरी विद्या अंगीं होतीच. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हवामानाच्या उपकरणांचें शास्त्र शिकून १९४८ मध्यें त्या पुण्यास भारतीय हवामान खात्यांत रुजू झाल्या. त्या काळीं पुष्कळशीं उपकरणें परदेशांतून येत. बाईंनीं सुमारें शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून तीं येथेंच घडविण्याची सोय केली. चुकीचें माप हें माप नसण्याहून वाईट, हा त्यांचा दंडक होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षीं सूर्याची उष्णता मोजणारीं केंद्रें त्यांनीं देशांत ठिकठिकाणीं उभारलीं.

अग्निबाण सोडावयाचा तर वाऱ्याचा वेग व दिशा अचूक कळावी लागते. म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाणतळावर त्यांनीं हवामानवेधशाळा व उपकरणांचा मनोरा उभा करून दिला.

१९७६ मध्यें उपमहासंचालकपदावरून निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहींत. भारतांतील सूर्यप्रकाशाविषयींचे त्यांचे ग्रंथ १९८० व १९८१ मध्यें निघाले आणि सौरशक्तीवर काम करणाऱ्या अभियंत्यांस आधारभूत ठरले. १६ ऑगस्ट २००१ रोजीं त्रिवेंद्रम येथें त्यांचें देहावसान झालें.

मित्रहो, ज्यांस विद्यापीठानें पदवी नाकारली, त्यांच्याच आंकड्यांवर मोठमोठ्या पदवीधरांनीं विसंबून काम केलें. परीक्षेंत अपयश आल्यास खचून जाण्यापूर्वीं हें एकवार आठवावें.