बाल्कनीतल्या कुंडीत जाणारं कंपोस्ट खत आलं कुठून? तर होळकरांच्या इंदुरातून

पुण्याहून सोलापूर रोडने निघालं की यवतच्या पुढे दौंडचा ऊस सुरू होतो. नगर रोडने शिरूरच्या न्हावऱ्याकडे वळलात तरी तेच चित्र. ऊसतोड झाली की अजूनही बऱ्याच रानांत पाचट पेटवलं जातं.

त्याच वेळी पुण्यात काय चाललेलं असतं? बाल्कनीत गुलाब आणि टोमॅटो लावणारी मंडळी कंपोस्टची पिशवी ऑनलाइन मागवत असतात. किलोवर पैसे मोजून.

एकीकडे खताचा कच्चा माल जळतोय, दुसरीकडे तेच खत विकत घेतलं जातंय.

रानातला कचरा म्हणजे वाया चाललेलं खत, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी मोजूनमापून दाखवलं, ते म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर भागातलं शेतकरी घर. केंब्रिजमध्ये शिकून ते वेस्ट इंडीजला गेले आणि पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास करू लागले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. रोगावर सल्ला द्यायचा, पण तो करून बघायला स्वतःचं रान नाही.

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत आले. इथे जमीन मिळाली. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे नवे वाण काढले आणि पुसाचा गहू गाजला.

पण हॉवर्ड यांचं लक्ष आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे होतं. फवारणी नाही, विकतचं खत नाही, तरी पिकं बऱ्यापैकी निरोगी. शिकवायला आलेला हा साहेब मग शेतकऱ्यांकडूनच शिकायला लागला.

१९२४ मध्ये ते इंदूरला आले. होळकर संस्थानाने जागा दिली आणि कापूस समितीच्या पैशातून तिथे संशोधन संस्था उभी राहिली. इथेच जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’ तयार झाली.

पद्धत काय होती? पिकांचे अवशेष साधारण तीन भाग आणि शेण एक भाग. त्यात गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. थरावर थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी खालवर करायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार.

कपाशीच्या पऱ्हाट्या कुजायला कठीण. त्यावर जुगाड असा, की त्या संस्थेच्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या.

यातलं सगळंच हॉवर्ड यांचं नव्हतं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांची आणि चीनमधली जुनी रीत त्यांनी शास्त्रात बसवली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांच्या नावाने १९३१ मध्ये पुस्तक आलं आणि सगळी कृती जगासाठी खुली झाली.

आदल्याच वर्षी गॅब्रिएल वारल्या होत्या. १९३१ मध्ये हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये ‘सर’ झाले, १९४० मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं.

आता खरी गंमत.

ते पुस्तक अमेरिकेत जे. आय. रोडेल यांच्या हाती पडलं. त्यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीवर मासिक काढलं आणि हॉवर्ड यांना सहसंपादक केलं. शेतकऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. ते उचलून धरलं घरामागे भाजीपाला लावणाऱ्यांनी. सेंद्रिय बागकामाच्या बाजाराला तिथून मोठा गिऱ्हाईक मिळाला.

हॉवर्ड यांचं सगळंच पटलं असं नाही. निरोगी मातीतून निरोगी माणूस, हा त्यांचा दावा त्यांना पुराव्याने पूर्ण सिद्ध करता आला नाही. रासायनिक खतांवरची त्यांची टीका अनेक शास्त्रज्ञांना टोकाची वाटली. २० ऑक्टोबर १९४७ ला ते गेले.

पण कंपोस्टचं त्यांचं गणित टिकलं. पाचट पेटवलं की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं. तेच खोडव्यात पसरून कुजवलं की ओल टिकते आणि जमिनीला खत मिळतं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेसमडही मिळतं, तेही कंपोस्टला चालतं.

पिशवी विकत घेणाऱ्यांसाठीही त्यात एक धडा आहे. चांगलं कंपोस्ट भुसभुशीत असतं, त्याला पावसाच्या मातीसारखा वास येतो. घाण वास आला किंवा काड्या ओळखू आल्या, तर ते कच्चं समजा. कच्चं खत कुंडीत कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं.

गिऱ्हाईक शहरात आहे, माल दौंड-शिरूरच्या रानात पडलाय, कृती १९३१ पासून छापलेली आहे. मधे आडवी येते ती फक्त काडेपेटी.