साने गुरुजी आणि शाळेचं फाटक

पाचवीत असताना आई डबा घेऊन आपल्या देवपूरच्या शाळेच्या फाटकाशी आली होती. तिच्या ठिगळाच्या लुगड्याची मला लाज वाटली. मी ओळखच दिली नाही. त्याच वर्षी ‘श्यामची आई’ वाचलं आणि रडलो.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. शिक्षक झाले ते मात्र आपल्या खानदेशात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षं त्यांनी शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणंही आवरली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये पांझरेपलीकडे, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक काढलं. ११ जून १९५० ला ते गेले.

श्यामच्या चुका त्यांनी पुस्तकात लपवल्या नाहीत. माझी चूक आई असेपर्यंत मला तिच्यापाशी कबूल करता आली नाही. म्हणून ती या स्मरणिकेत लिहून ठेवतो. फाटक इथलंच होतं.