चहा पाजणाऱ्या म्हाताऱ्याला जपानच्या सत्ताधीशाने मरणाची शिक्षा का दिली?

माचाचे व्हिडिओ तुमच्या फीडवर आले असतीलच. हिरवीगार पावडर, बांबूची छोटी रवी आणि शेजारी ताटलीत एकच गोड पदार्थ. पण या शांत सोहळ्याला आकार देणाऱ्या माणसाचा शेवट मात्र स्वतःचं पोट फाडून घेण्यात झाला. त्याचं नाव सेन नो रिक्यू.

रिक्यूचा जन्म १५२२ चा, साकाई या बंदराच्या गावातला. घर व्यापाऱ्याचं. चहा तो ताकेनो जोओ या गुरूकडे शिकला. त्या काळी चहा म्हणजे बड्या लोकांचा थाट. चीनहून आलेली महागडी भांडी मांडायची आणि पाहुण्यांना दिपवायचं.

रिक्यूने हे उलटं केलं. चोजिरो नावाच्या कारागिराकडून हाताने घडवलेले, साधे काळे-तांबडे कप करून घेतले. क्योतोजवळची त्याची 'ताइआन' ही चहाची खोली फक्त दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम ४० चौरस फुटांची. दार दोन-अडीच फुटांचं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत यायचं.

आणि गोड? साखर तेव्हा बाहेरून यायची, दुर्मिळ होती. त्यामुळे रिक्यूकडे चेस्टनट किंवा गव्हाच्या पिठाचं, मिसो लावलेलं पातळ धिरडं मिळायचं. आधी खाऊ, मग कडू चहा. आजच्या फुलापानांच्या आकाराच्या रंगीत मिठाया नंतरच्या काळातल्या.

आधी ओदा नोबुनागा आणि १५८२ मध्ये तो गेल्यावर तोयोतोमी हिदेयोशी, अशा दोन सत्ताधीशांचा रिक्यू चहागुरू होता. १५८५ मध्ये सम्राटासाठी राजवाड्यात चहा झाला, तेव्हा त्याला 'रिक्यू' हे नाव मिळालं. १५८७ मध्ये कितानो इथे हिदेयोशीने मोठा चहामेळा भरवला. गरिबांनाही आमंत्रण होतं. त्यातही रिक्यू पुढे होता.

पण हिदेयोशीने स्वतःसाठी चक्क सोन्याची चहाची खोली बनवली होती. एकाला झगमगाट हवा, दुसऱ्याला साधेपणा. त्यात दाइतोकुजी मंदिराच्या दरवाज्यावरच्या मजल्यावर रिक्यूचा पुतळा बसवला गेला. म्हणजे खालून जाणारा हिदेयोशीसुद्धा त्याच्या पायाखालून जाणार! भांडी चढ्या भावाने विकल्याचाही ठपका आला. खरं कारण काय, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

१५९१ मध्ये हुकूम आला आणि सत्तरीला टेकलेल्या रिक्यूने सेप्पुकू केलं.

पुढे हिदेयोशीनेच त्याच्या कुटुंबाला पुन्हा उभं राहू दिलं. रिक्यूच्या पणतवंडांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी सुरू झाली. ती आजही चहा शिकवतात. सोन्याची ती मूळ खोली आता उरलेली नाही. दोन चटयांची खोली मात्र जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहे.