समासातला बाख

आमच्या घरात पोथीवर काही लिहायची प्राज्ञा नव्हती. पोथी सोवळ्यातली, रेशमी रुमालात बांधलेली. वाचन कुठवर आले याची खूण म्हणून फार तर एखादे मोरपीस किंवा वाळलेले बेलाचे पान. पुस्तकावर रेघ ओढणे म्हणजे पुस्तकाला पाय लावण्याइतकेच पाप. पुढे मी बँकेत चिकटलो आणि सगळे उलटे झाले. तिथे ज्या पानावर कुणाची खूण नाही, ते पान कुणी तपासलेलेच नाही असे धरून चालत. आकड्यापुढची बारीक टिकली, समासातली आद्याक्षरे, लाल शाईचा फराटा यांवरून तपासणारा माणूस कसा असेल, हे मी त्याला न भेटताच ओळखू लागलो.

योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकारापर्यंत मी पोचलो तो या सवयीमुळेच. त्याच्या संगीतातले मला फारसे कळत नाही. पण त्याच्या बायबलच्या समासात त्याने केलेल्या नोंदींविषयी वाचले आणि हा माणूस मला एकदम ओळखीचा वाटू लागला.

बाखचा जन्म 1685 सालचा, जर्मनीतल्या आयसेनाख गावातला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्रीचा धंदा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि वर्षाच्या आत वडीलही गेले. पोरका मुलगा थोरल्या भावाच्या घरी राहायला गेला. भावाकडे नामवंतांच्या रचनांची एक वही होती. ती धाकट्याने हाताळायची नाही असा दंडक. या पोराने कपाटाच्या जाळीतून हात घालून ती वही रात्री बाहेर काढावी, चांदण्यात बसून उतरवून घ्यावी, असे सहा महिने चालले. शेवटी भावाला पत्ता लागला आणि उतरवलेली प्रत जप्त झाली. त्याच्या मृत्युलेखातच ही हकीकत नोंदलेली आहे. वाचायचे ते हातात लेखणी घेऊनच, ही त्याची रीत इतकी जुनी.

स्वभाव मात्र तापट आणि हट्टी. विशीत, 1705 साली, बुक्स्टेहूड या बुजुर्ग वादकाला ऐकायला तो आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर पायी गेला. रजा चार आठवड्यांची घेतली आणि परतला तो सुमारे चार महिन्यांनी! 1717 साली वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडायचा त्याने असा काही आग्रह धरला की ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कैदेत ठेवले. 1720 साली मालकाबरोबर कार्ल्सबादला गेला असताना मागे पत्नी मारिया बार्बरा वारली. तो घरी परतला तेव्हा तिचे दफनही उरकले होते. पुढे दुसरे लग्न आना माग्डालेना या गायिकेशी झाले. दोन्ही संसारांत मिळून वीस मुले झाली. त्यांतली दहाच मोठी झाली. इतके सोसलेल्या माणसाने मनातले कागदावर फारसे उतरवलेले नाही. खासगी म्हणावीत अशी त्याची पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

1723 पासून मरेपर्यंत तो लाइपझिगला होता. थॉमस शाळेतल्या मुलांना गाणे शिकवायचे आणि शहरातल्या चर्चमधल्या संगीताची व्यवस्था पाहायची, अशी ही नोकरी. नगरमंडळाला आधी दुसरेच लोक हवे होते. ते मिळेनात, तेव्हा बाखवर भागवायचे ठरले. मंडळींच्या लेखी तो शाळेचा एक नोकर. वर्ग नीट घेत नाही, सांगितलेले ऐकत नाही, अशा तक्रारी. 1730 साली तर प्रकरण अगदी हातघाईवर आले. त्याच वर्षी बालमित्राला लिहिलेल्या पत्रात बाख जमाखर्च मांडतो: वर्षाला साधारण सातशे टालर मिळतात, पण वरकमाई अंत्यविधींच्या संगीतावर अवलंबून; गेल्या वर्षी हवा निरोगी होती, माणसे कमी मेली आणि शंभराहून अधिक टालर बुडाले. हे वाचून मला हसू आले आणि लगेच ओशाळायलाही झाले. भरल्या घराचा कर्ता आणखी काय करणार?

या धुमश्चक्रीच्या काळात त्याच्या हाती ते बायबल आले. विटेनबर्गला 1681-82 मध्ये छापलेले हे तीन जाडजूड खंड. ल्यूथरचे जर्मन भाषांतर आणि सोबत आब्राहाम कालोव या धर्मपंडिताने, बहुतांशी ल्यूथरच्याच लिखाणातून, जुळवलेले भाष्य. पहिल्या पानावर बाखने आपली आद्याक्षरे गुंफून 1733 हे साल घातले आहे. आत शेकडो ठिकाणी खुणा आहेत. काही ओळींखाली रेघा, काही ठिकाणी समासात लक्ष वेधणारी दोन अक्षरे, आणि थोड्याच जागी त्याचे स्वतःचे शब्द.

माझे लक्ष आधी गेले ते त्याच्या दुरुस्त्यांकडे. छपाईत सुटलेले शब्द त्याने भरून घेतले आहेत, चुका सुधारल्या आहेत. खतावणी तपासलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नुसते चाळणाऱ्याला गळलेला शब्द दिसत नसतो; शब्दागणिक बोट ठेवून वाचणाऱ्यालाच तो सापडतो.

आता त्याचे शब्द. पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद राजा मंदिरासाठी गायक-वादक नेमतो. आपल्यासारख्याला ती निव्वळ नावांची यादी. बाखने तिथे नोंद केली की, देवाला मान्य अशा सगळ्या धर्मसंगीताचा खरा पाया हा अध्याय आहे. दुसऱ्या इतिहासाच्या पाचव्या अध्यायात कर्णे वाजतात, गायकांचा आवाज एकरूप होतो आणि मंदिर मेघाने भरून जाते. तिथे त्याने लिहिले की, भक्तिभावाने केलेल्या संगीतात देव कृपेसह नेहमी हजर असतो. निर्गमात समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन गाते, तिथे त्याला दोन गायकवृंदांची योजना दिसली. नगरमंडळ ज्याला शाळेचा नोकर म्हणते, तो आपली नेमणूक थेट दावीदाच्या दरबारातून शोधून काढतो आहे! ही नोंद त्याने कुणाला दाखवायला केलेली नव्हती, म्हणूनच मला ती मोलाची वाटते.

पण मला सर्वांत अडवले ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायाने. तिथल्या भाष्यात रागाचा विचार आहे. राग कधी कधी करावाच लागतो. पण तो आपल्या पदासाठी आणि देवासाठी करावा, स्वतःसाठी नव्हे. माणूस आणि त्याचे पद यांची गल्लत होऊ देऊ नये, असा त्याचा आशय. हा भाग बाखने खूण करून ठेवला आहे. आपले भांडण रास्त आहे याचा आधार त्याला इथे मिळाला, की आपल्या रागात स्वतःचा अहंकार मिसळला आहे हे त्याला इथे टोचले? रेघ हे सांगत नाही. खुर्चीचा राग आणि माझा राग यांची गल्लत मी कारकीर्दीत किती वेळा केली, हे आठवून मी तरी ते पान टोचणीचेच समजतो. कदाचित दोन्ही खरे असेल.

1742 साली त्याने लिलावात दहा टालर मोजून ल्यूथरच्या लेखनाचा एक संच घेतला. तो मूळचा कालोवच्याच संग्रहातला होता. अखेरीस डोळे गेले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि 28 जुलै 1750 रोजी तो वारला. मृत्युपत्र नव्हते. मालमत्तेच्या यादीत धार्मिक पुस्तकांचीच पन्नासाहून अधिक नावे होती आणि त्यांत सर्वांत वर कालोवचे बायबल. संपत्तीची वाटणी झाली. आना माग्डालेना दहा वर्षांनी धर्मादायावर जगत असताना वारली.

बायबल मात्र समुद्रापार गेले. 19व्या शतकात फिलाडेल्फियात एका जर्मन कुटुंबाने ते विकत घेतले. 1934 साली मिशिगनमधल्या फ्रँकनमुथ गावी त्या घरी उतरलेल्या एका पाहुण्याला पहिल्या पानावरची सही ओळखता आली. पुढे हे खंड सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत गेले. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात शाईची परीक्षा झाली आणि नुसत्या रेघाही बाखच्याच शाईशी जुळत असल्याचे दिसून आले.

वडिलांची पोथी आता माझ्याकडे आहे. ती ते आयुष्यभर रोज वाचत. मध्यंतरी मी ती रुमालातून काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पाने स्वच्छ आहेत, एकही रेघ नाही. कुठल्या ओवीला ते थांबत होते, कुठल्या ओवीने त्यांना टोचत होते, हे मला आता कधीच कळणार नाही. मोरपीस तेवढे ज्या पानात होते, तिथेच ठेवून मी पोथी बांधून टाकली.