बास्केटबॉलचे जनक आणि प्रशिक्षक डॉ. जेम्स नेस्मिथ



डॉ. जेम्स नेस्मिथ यांची जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही नोव्हेंबर महिन्यातच येतात. जन्म ६ नोव्हेंबर १८६१ आणि निधन २८ नोव्हेंबर १९३९. बास्केटबॉल खेळाचे जनक म्हणून त्यांचे नाव मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असते. परंतु ते एका विद्यापीठाच्या संघाचे नऊ हंगाम प्रशिक्षक होते आणि त्या कामात त्यांच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभव जास्त जमा आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर आपल्यापैकी काहींची नातवंडे खेळायला जातात. घरी परतल्यावर आपण त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो जिंकलात की हरलात, हाच. म्हणून या खेळाच्या जनकाची हकीकत आपल्या मंडळातील पालकांसमोर ठेवावी असे आम्हांला वाटले.

नेस्मिथ यांचा जन्म कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आल्मॉन्ट गावाजवळ एका स्कॉटिश कुटुंबात झाला. १८७० साली विषमज्वराने आई आणि वडील दोघेही गेले. नऊ वर्षांच्या जेम्सला आजी आणि मामांनी सांभाळले. शेतीची कामे, जनावरांची देखभाल, थंडीत लाकूडतोड यांतच त्यांचे लहानपण गेले. मध्येच शाळा सोडून ते काही वर्षे लाकूडतोड्यांबरोबर जंगलात कामाला होते. नंतर पुन्हा शाळेत बसून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १८८३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रवेश मिळवला.

घरच्यांची इच्छा त्यांनी धर्मोपदेशक व्हावे अशी होती. त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलाही. मात्र मैदानाची ओढ सुटत नव्हती. त्या काळात खेळात रमणारा धर्मोपदेशक म्हणजे वाया गेलेला माणूस, असे पुष्कळांना वाटे. तरुणांना चांगल्या मार्गाला लावायचे तर प्रवचनापेक्षा मैदान जास्त उपयोगी पडेल, अशी नेस्मिथ यांची खात्री झाली होती. त्या खात्रीने ते १८९० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिथे एक अडचण उभी राहिली. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा सुरू व्हायला अवकाश, बाहेर बर्फ. बंद व्यायामशाळेत नुसती कवायत करून १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग अगदी कंटाळून गेला होता. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि १४ दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ काढायला सांगितले.

नेस्मिथ यांनी आधी मैदानी खेळच थोडे बदलून आत खेळवून पाहिले. जागा कमी असल्याने मुले एकमेकांवर आदळत आणि दुखापती होत. तेव्हा त्यांनी विचार केला की चेंडू घेऊन पळायला मनाई केली, तर पळणाऱ्याला पाडण्याचे कारणच उरणार नाही. गोल जमिनीवर न ठेवता डोक्याच्या वर आडवा ठेवला, तर जोरात मारण्यापेक्षा नेम धरून अलगद टाकणे भाग पडेल. इथे त्यांना गावातला एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा, म्हणजे आपल्या लगोरीच्या जवळचाच प्रकार. त्यात उंच, कमानदार फेक करणारा सहसा फायद्यात राहत असे.

डिसेंबर १८९१ मध्ये पहिला सामना झाला. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या होत्या. १३ नियम टंकलिखित करून फलकावर लावले होते. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि हातात फुटबॉलचा चेंडू. संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला. विद्यार्थ्यांना मात्र खेळ इतका आवडला की सुट्टीत घरी गेलेल्या मुलांनी तो आपापल्या गावी नेला. त्या वर्गातले टी. डंकन पॅटन १८९४ साली हा खेळ घेऊन भारतात आले. १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन करणारे हॅरी क्रो बक हेही स्प्रिंगफिल्डचेच विद्यार्थी होते. आपल्या देशात हा खेळ रुजला त्यामागे ही गुरुपरंपरा आहे.

नेस्मिथ यांनी या खेळाचे पेटंट कधी घेतले नाही. स्प्रिंगफिल्डहून ते डेन्व्हरला गेले, नोकरी सांभाळून वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८९८ साली लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. प्रार्थनामंदिर आणि शारीरिक शिक्षण ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. बास्केटबॉल संघ हे त्या कामातले एक छोटेसे कलम.

संघाचा पहिला सामना फेब्रुवारी १८९९ मध्ये कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाशी झाला आणि नेस्मिथ यांचा संघ १६-५ असा हरला. १९०७ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला. या नऊ हंगामांचा हिशेब आहे ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्सस हे आज अमेरिकेतील सर्वांत यशस्वी महाविद्यालयीन संघांपैकी एक. तिथल्या सर्व प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक एकच, तो म्हणजे खेळाचा जनक!

याचे कारण त्यांच्या विचारात होते. सामना जिंकण्यासाठी डावपेच आखणे हे आपले काम आहे, असे ते मानत नसत. अनेकदा तर ते स्वतःच पंच म्हणून मैदानात उभे राहत. मुलांनी खेळावे, अंग कमवावे, नियम पाळावेत आणि रागावर ताबा ठेवायला शिकावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन, ज्याला सारे फॉग ॲलन म्हणत, याला दुसऱ्या महाविद्यालयाने प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथ यांना हसू आले. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्यांनी त्याला सांगितले.

ॲलनने ते ऐकले नाही. १९०७ साली त्याने गुरूकडूनच कॅन्ससचा संघ हाती घेतला आणि पुढे मधला काही काळ वगळता १९५६ पर्यंत तिथे राहून ५९० सामने जिंकले. त्याच्या हाताखाली खेळलेल्यांपैकी ॲडॉल्फ रप यांनी केंटकीत ८७६ आणि डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलिनात ८७९ विजय मिळवले. आम्ही आयुष्यभर बँकेत खतावण्या पाहिल्या. नुसती शिल्लक पाहून खाते कळत नाही, पैसा पुढे कुठे गेला आणि त्यातून काय उभे राहिले हेही पाहावे लागते. नेस्मिथ यांच्या ५५ विजयांकडे असेच पाहायला हवे.

मात्र त्यांचा सर्वांत मोठा शिष्य त्यांच्या संघातून कधी खेळलाच नाही. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण घ्यायला कॅन्ससला आला. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तोवर नेस्मिथ यांच्याकडे संघ राहिला नव्हता आणि ही बंदी काही त्यांना उठवता आली नाही. पण त्यांनी मॅक्लेंडनला आपला विद्यार्थी म्हणून जवळ केले आणि खेळाची सारी जाण दिली. मॅक्लेंडन विद्यापीठाच्या तलावात पोहला, तेव्हा नंतर तलावातले सगळे पाणी काढून टाकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्याला माहीत आहे, त्यामुळे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मॅक्लेंडन मागे हटला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले आणि अखेर तलाव सर्वांना खुला झाला.

१९३६ साली पदवी घेऊन मॅक्लेंडन प्रशिक्षक झाला. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, डरहॅम शहरात दारे बंद करून त्याच्या कृष्णवर्णीय संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातील गोऱ्या संघाशी सामना खेळला. त्या राज्यात असा सामना खेळणे धोक्याचे होते. मॅक्लेंडनच्या मुलांनी तो ८८-४४ असा जिंकला. मग दोन्ही संघांतील खेळाडू एकत्र मिसळून पुन्हा खेळले. पुढे टेनेसीच्या संघाला त्याने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. आपण जे शिकलो ते नेस्मिथ यांच्याकडून, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

नेस्मिथ यांनी संघ सोडल्यावरही काम थांबवले नाही. १९१६ साली मेक्सिकोच्या सीमेवर फौजेचे धर्मोपदेशक म्हणून आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांसाठी त्यांनी सेवा केली. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला, त्यासाठी फॉग ॲलनने खूप खटपट केली होती. गुरूंना तिथे पाठवण्यासाठी अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी जमवला. ७४ वर्षांच्या नेस्मिथ यांनी पहिल्या सामन्याचा चेंडू उडवला. अंतिम सामना भर पावसात, चिखल झालेल्या मैदानावर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. जन्मभूमी आणि कर्मभूमी समोरासमोर होत्या. पदके द्यायला नेस्मिथच उभे होते.

१९३७ साली ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी लॉरेन्समध्येच वारले. स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल स्मारक दालनाला आज त्यांचे नाव आहे. कॅन्सस विद्यापीठाचे क्रीडागृह ॲलनच्या नावाने ओळखले जाते आणि आतील मैदान नेस्मिथ यांच्या नावाने. त्या १३ नियमांची मूळ पाने २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. ज्या माणसाने खेळातून एक पैसाही कमवायचे मनात आणले नाही, त्याच्या दोन पानांची ही किंमत!

आपल्या मुलांसाठी शिक्षक किंवा प्रशिक्षक निवडताना त्याने किती करंडक आणले हे जरूर पाहावे. त्याचबरोबर त्याच्या हाताखालून गेलेली मुले पुढे कशी वागतात, हरल्यावर कशी उभी राहतात आणि ज्याला कोणी संघात घेत नाही अशा मुलाला तो जवळ करतो की नाही, याचीही चौकशी करावी.

डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या स्मृतीस आपल्या मंडळातर्फे विनम्र अभिवादन.