अ‍ॅस्पिरिन, जिप्सम आणि उशाशी बसलेला वैद्य

तापाने फणफणलेल्या रुग्णाला आधी साखरेच्या पाण्याबरोबर एक ग्रॅम अ‍ॅस्पिरिन द्यायचे आणि वाट पाहायची. सर्वांगाला घाम सुटू लागला, की जिप्समच्या काढ्याचा दोन-तृतीयांश भाग गरम असतानाच पाजायचा. उरलेला झाकून ठेवायचा. दोन-तीन तासांनी अंगात ताप शिल्लक असेल, तरच तो कोमट करून द्यायचा.

ही कृती शंभर वर्षांपूर्वीच्या एका चिनी वैद्याची आहे. त्यांचे नाव झांग शीचुन. अ‍ॅस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये, जर्मनीतून. जिप्सम चिनी वैद्यकात जवळजवळ दोन हजार वर्षे तापावर वापरले जात होते. या दोघांना एका नुस्ख्यात बसवल्यामुळे झांग यांचे नाव चीनमध्ये आजही घेतले जाते. पण नुस्खा नीट वाचला तर त्यात औषधे दोनच आहेत, बाकी सगळी शुश्रूषा आहे. घाम कधी सुटला, किती पाजले, ताप उतरला का, हे पाहणारे कोणीतरी खाटेशी हवे.

झांग यांचा जन्म १८६० चा, उत्तर चीनमधल्या यानशान इथला. घराणे शिकलेले. घरातच काव्य आणि वैद्यक दोन्ही शिकवले गेले. शाही सेवेच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि मग वैद्यकाकडे पूर्णपणे वळले. तिशी उलटल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाची पुस्तके त्यांच्या हाती पडली. त्यातली नवी मांडणी त्यांना भावली. पुढे दहा-बारा वर्षांच्या अभ्यासानंतर मात्र त्यांचे मत असे झाले, की त्यातले बरेचसे आपल्या जुन्या ग्रंथांत होतेच. हा दावा ओढूनताणून केलेला होता. आपल्याकडेही असे दावे करणारे कमी नाहीत. झांग यांचे मोठेपण त्या सिद्धान्तात नाही, निरीक्षणात आहे.

औषध स्वतः घेऊन पाहिल्याशिवाय ते रुग्णाला देत नसत. तिरफळाच्या जातीतल्या चिनी मिरीचे तीसेक दाणे त्यांनी चावून गिळले, तर श्वास वर येईना. काही वेळाने तो पूर्ववत झाला. गानसुई नावाचे जहाल रेचक मूळ त्यांनी सकाळी उपाशीपोटी चावले, पुष्कळ जुलाब झाले, आणि तेही त्यांनी नोंदवून ठेवले. असले प्रयोग कोणी घरी करू नयेत. गानसुई विषारी आहे.

जिप्समबद्दल तर त्यांचा हट्टच होता, की ते कच्चेच हवे, भाजलेले नको. भाजल्यावर जिप्सममधले बरेचसे पाणी उडून जाते आणि जी भुकटी उरते ती ओली होताच घट्ट होते. मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर हेच. असले औषध पोटात देणाऱ्या वैद्यांवर झांग यांनी कडक टीका केली. कच्च्या जिप्समची त्यांची मात्रा मोठी असे. तापावरच्या कृतीत ती दोन लियांग, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम होती. इतर वैद्य या मात्रेला घाबरत. त्यावर झांग यांचा उपाय देण्याच्या पद्धतीत होता. मोठा वाडगाभर काढा करायचा, तो कोमट, थोडाथोडा, अनेक वेळांत पाजायचा आणि ताप उतरताच थांबायचे. केला आहे म्हणून संपवायचा नाही. अत्यवस्थ रुग्ण असेल तर ते स्वतः औषधे घेऊन त्याच्या घरी जात, समोर काढा करवून घेत आणि रात्रभर थांबत.

अशक्त रुग्णांसाठी त्यांची आवड निराळी होती. कोनफळाच्या कुळातला एक पांढरा कंद उकळून त्याचे पाणी चहासारखे दिवसभर पाजायचे किंवा त्याची पेज द्यायची. हे पथ्य आणि औषध दोन्ही होते.

१९१८ च्या सुमारास शेनयांग शहरात त्यांनी चिनी वैद्यकाचे रुग्णालय चालवले. याच काळात त्यांच्या ग्रंथाचे भागही छापून येऊ लागले. ग्रंथाच्या नावाचा अर्थ साधारण असा : मन चिनी वैद्यकात ठेवून, पाश्चात्त्याचा आधार घेऊन केलेल्या नोंदी. मेंदूतल्या रक्ताधिक्याची पाश्चात्त्य कल्पना घेऊन त्यांनी पक्षाघातावर बांधलेला काढा चीनमध्ये आजही शिकवला जातो. अर्थात या नोंदी एकेका रुग्णाच्या आहेत. काढा न घेता किती जण बरे झाले असते, हे त्यांतून कळत नाही.

दोन उपचार एकत्र आले की धोकाही येतो. झांग यांच्या एका प्रसिद्ध वेदनाशामक नुस्ख्यात दानशेन हे मूळ आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरीनसोबत ते घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो, हे आता माहीत आहे. वॉरफरीन औषध म्हणून वापरात आले ते झांग यांच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी. अ‍ॅस्पिरिनचेही तसेच. डेंगीच्या तापात ते टाळतात, लहान मुलांना तापात देत नाहीत. म्हणून रुग्ण घरचा काढा, चूर्ण, मुळ्या काय घेतो, हे परिचारिकेने विचारायचे असते आणि रुग्णाने लपवायचे नसते.

झांग उतारवयात तियानजिनला आले. १९२९ मध्ये नानकिंग सरकारच्या आरोग्य परिषदेत जुने वैद्यक बंद करण्याचा ठराव मंजूर झाला. देशभरच्या वैद्यांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. तेव्हा झांग सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १९३३ मध्ये त्यांनी पत्राद्वारे वैद्यक शिकवण्याची शाळा सुरू केली. दिवसा रुग्ण, रात्री पाठ लिहिणे असा क्रम होता. त्याच वर्षी ते आजारी पडले आणि वारले. त्यांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या आजही निघतात.