किल्ले दिले, राज्य राखले

मुलांनो, तुम्ही बुद्धिबळ, म्हणजेच शतरंज, खेळला असाल. चांगला खेळाडू कधी कधी आपला घोडा किंवा हत्ती मुद्दाम मरू देतो. पाहणाऱ्याला वाटते, हा आता हरला. पण मोहरा देण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी पाहिलेल्या असतात. दिल्यामुळे काय वाचते? आणि जे उरते त्याच्या बळावर पुढे लढता येते का? छत्रपती शिवाजी महाराजांनाही एकदा असाच विचार करावा लागला.

महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरी किल्ल्यावर झाला. तरुणपणीच त्यांनी स्वराज्य उभारण्यास सुरुवात केली. एकेक किल्ला कष्टाने मिळवला.

१६६५ साली औरंगजेबाचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग मोठी फौज घेऊन आले. त्यांनी पुरंदर किल्ल्याला वेढा घातला. तोफांच्या माऱ्याने बुरूज ढासळू लागले. शूर किल्लेदार मुरारबाजी देशपांडे लढता लढता धारातीर्थी पडले. किल्ल्यात अनेक सरदारांची बायकामुले अडकली होती. बाहेर मोगल फौजा गावे जाळत होत्या.

आता काय करावे? हट्टाने लढत राहिले असते, तर माणसेही गेली असती आणि राज्यही. महाराजांनी तह केला. २३ किल्ले आणि ४ लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना दिला. स्वतःकडे १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख ठेवला. लक्षात घ्या, या १२ किल्ल्यांत राजधानी राजगड होता. बुद्धिबळात सारे मोहरे देता येतात, राजा मात्र देता येत नाही!

पुढची वाट सोपी नव्हती. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले आणि तेथे कैदेत सापडले. मोठ्या युक्तीने ते निसटले. नंतर तीन वर्षे त्यांनी घाई केली नाही. राज्याची घडी बसवली, सैन्य सज्ज केले.

१६७० साली मात्र ते वेगाने पुढे सरसावले. दिलेले बहुतेक किल्ले परत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मराठ्यांची फौज थेट वऱ्हाडात कारंज्याला पोहोचली. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा मोगलांच्या ताब्यातील श्रीमंत बाजारपेठ होते. तेथे मराठ्यांना फार मोठी लूट मिळाली. पाच वर्षांपूर्वी ज्यांचे राज्य १२ किल्ल्यांपुरते उरले होते, त्यांची ही मजल होती. १६७४ साली रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. १६८० साली तेथेच त्यांचे निधन झाले.

मुलांनो, पट आणि जीवन यांत एक मोठा फरक आहे. पटावर मेलेला मोहरा पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. कोंढाणा किल्ला १६७० साली परत आला, पण तो जिंकताना पडलेले तानाजी मालुसरे परत आले नाहीत. म्हणूनच पुरंदरावर महाराजांनी किल्ले दिले आणि माणसे वाचवली. किल्ले पुन्हा जिंकता येतात. ते जिंकायला माणसे मात्र उरली पाहिजेत.